एकुणपन्नास

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी कळलं नाही, त्याची आधी क्षमा मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. ही अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून गिरवून घेतली. त्यामुळे देवाची नावं तेवढी शुद्ध येतात, बाकीचं कानाला लागतं तसं लिहिते.

हे कोणाला दाखवायचं नाही. मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. कमळीला ही अक्षरं वाचता येत नाहीत. ती गेल्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेली. पान खाता खाता तिच्या वडिलांचा विषय निघाला तर म्हणाली, "बाप नव्हता तो, पाटा होता." मी चुन्याची डबी बंद केली आणि दुसरं काहीतरी विचारलं. ती गेल्यावर मात्र मला बसवेना.

कमळीचे वडील म्हणजे सेतूमामा. माझे ते मामा नव्हेत. कुंभकोणमला आमच्या गल्लीत सगळी मराठी घरं, आणि गल्लीतला प्रत्येक म्हातारा कोणाचा ना कोणाचा मामा. ते रेशमाच्या मागांसाठी अट्टै ठोकत. अट्टै म्हणजे पुठ्ठ्याची लांब पट्टी. तिच्यात भोकं पाडायची. मागावर डोक्याशी एक पेटी असते, तिच्यात एकेक अट्टै पुढे सरकते. भोक असेल तिथला धागा वर उठतो, नसेल तिथला खाली बसतो. अशा शेकडो अट्टै एकामागे एक गेल्या की काठावर मोर उमटतो, हंस उमटतो. नक्षीचं सगळं शहाणपण त्या भोकांत. माग काही विचार करत नाही, भोक सांगेल ते करतो.

मामा भोकं पाडत आणि मी त्या अट्टै दोऱ्याने ओवून माळ करी. आम्ही मूळचे शिंपी, सुईचं काम हाताला ठाऊक. मी बोलत नसे म्हणून ते मला मुकी म्हणत. "मुके, दोरा ओढ. सैल राहिला तर हंसाची मान लोंबेल."

मामांना चूक खपत नसे. त्यांची स्वतःची खपत नसे असं मी म्हणणार नाही, कारण त्यांची चूक झालेली कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्याची खपत नसे. चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असे. मामी त्या कागदावरून आकडे वाचायची, "बावीस, तेवीस, सव्वीस," आणि मामा त्या त्या आकड्यावर खिळा ठेवून हातोडी मारायचे. आकडा मराठीतच म्हणायचा हा त्यांचा नियम. रस्त्यावर, दुकानात, देवळात आम्ही सगळे तमिळ बोलतो, मामाही बोलत. पण ठोकायच्या खोलीत तमिळ आकडा कानावर आला की ते हातोडी खाली ठेवत, अर्धी झालेली अट्टै दोन्ही हातांनी फाडत आणि म्हणत, "पहिल्यापासून." मामीचा आवाज थोडा अडखळला तरी फाडत. पुठ्ठा त्यांच्याच पैशाचा होता, तरी फाडत.

भजनातही तेच. एका एकादशीला तिरुविसनल्लूरहून एक गृहस्थ आले होते. गळा गोड, पण मराठी आजोळी ऐकलेलं तेवढंच. अभंग म्हणताना त्यांनी एक शब्द गिळला. इतर कोणी असता तर टाळ जरा मोठ्याने वाजवून पुढे गेला असता, आमच्याकडे तीच रीत. मामांनी टाळ मांडीवर ठेवले. मृदंग थांबला. आरतीचं ताट घेतलेली बाई तशीच उभी राहिली.

"काय चुकलं?" गृहस्थांनी विचारलं.

"तुम्हाला कळलं नाही, हेच चुकलं," मामा म्हणाले. "पहिल्यापासून."

गृहस्थ पुन्हा कधी आमच्या भजनाला आले नाहीत. मामी घरी जाताना म्हणाली, "देवाला कळलं होतं हो ते काय म्हणत होते." मामा म्हणाले, "देवाला कळतं म्हणून आपण बरळायचं?"

अशा माणसाचे जावई नागोजी. कमळीचं लग्न झालं तेव्हा ते मागावर बसत. आमच्यात विणणारे थोडे, पण नागोजींचे वडील लवकर गेले आणि शेजारच्या सौराष्ट्र विणकरांच्या घराने त्यांना माग शिकवला. हलक्या आवाजाचा, चालताना भिंतीच्या कडेने चालणारा माणूस. मामा लोकांना सांगत, "जावई विणतो ते माझ्या अट्टैवर. नक्षी सासऱ्याची, हात जावयाचा." मला वाटतं, त्या दिवसांत ते सुखात होते. कोणाला दिसू देत नव्हते एवढंच.

त्याच साली हंसाच्या काठाचं काम आलं. दोन ठिकाणांहून एकच नक्षी मागितली होती. एक तिरुविडैमरुदूरचे थोरले अय्या, त्यांच्या घरात चार माग. दुसरे गावातले मुदलाळी, म्हणजे मालक. त्यांची मोठी पेढी, नागोजी तिथेच कामाला. मामांनी दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून दोघांच्या अट्टै एकाच घावात ठोकल्या. "जुळी भावंडं," म्हणाले. "एकात तीळ तर दुसऱ्यात तीळ."

हंसाच्या डोक्याच्या अट्टै ठोकायच्या त्या दिवशी मामीचे डोळे आले होते. लाल झालेले, उघडवत नव्हते. म्हणून आकडे वाचायला कमळी बसली. सणाला माहेरी आली होती. तीही तमिळ शाळेत शिकलेली, कागदावरचा आकडा बघून आधी मनात तमिळ म्हणायची आणि मग तोंडाने मराठी. ओठ हलताना मला दिसत होते. मामा मान वर न करता ठोकत होते. ती एकदाही अडखळली नाही. मला तिचं कौतुक वाटलं. घाबरलेलं माणूस अडखळत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते विचारतच नाही.

आता त्या दोन घरांची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अय्यांच्या घरी काही बिघडलं की माग थांबायचा. विणणाऱ्याने नुसतं "अय्या" म्हणायचं. म्हातारा धोतर खोचून, हातात आरसा आणि पणती घेऊन मागाखाली शिरायचा. नक्षीची बाजू खाली असते ना, वरून दिसत नाही. आरशात बघायचा, विणलेलं उसवायला लावायचा, दोष सापडेपर्यंत बाकीचेही हात बांधून बसायचे. काम उशिरा व्हायचं. मजुरी साडीवर असल्यामुळे विणणारे मनातून कुरकुरायचे. पण सदोष साडी त्या घरातून बाहेर पडत नसे आणि दंडही कोणाला होत नसे.

मुदलाळींकडे माग थांबवायचा नाही. काही दिसलं तरी पुढे चालायचं. साडी पुरी झाली, कापली, घडीच्या फळीवर उजेडात उलगडली, की मगच दोष बघायचा. आणि दोष निघाला तर तो विणणाऱ्याचा. अट्टै तीच, नक्षी तीच, रेशीमही एकाच व्यापाऱ्याचं. पण चूक एका घरी वाटेत अडायची आणि दुसऱ्या घरी शेवटपर्यंत जाऊन एका माणसाच्या अंगावर पडायची.

नागोजींनी विणलेली नवरीची साडी फळीवर उलगडली तेव्हा काठावरच्या प्रत्येक हंसाचा डोळा मानेवर होता. डोक्यात नाही, मानेवर. जरीचा एक ठिपका, पण त्याने सगळा पक्षी वेडा दिसत होता.

नागोजींना दुसऱ्या हंसालाच शंका आली होती. हात खाली घालून त्यांनी बोटाने चाचपलं होतं आणि कणक्कपिळ्ळै म्हणजे हिशेबनीस, त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, "लग्नाची तारीख तुझा हंस ठरवणार काय? चालू दे." आता तोच हिशेबनीस फळीशी खाली मान घालून उभा राहिला. रेशमाची आणि जरीची सगळी किंमत नागोजींच्या मजुरीतून कापायची ठरली.

नागोजी थेट मामांकडे आले. मी दोरा ओवत होते, उठून जायला वाट नव्हती.

"मामा, डोक्याच्या अट्टै एकदा बघाल का? तुम्ही मुदलाळींना येऊन सांगितलंत तर ऐकतील."

मामांनी विचारलं, "तिरुविडैमरुदूरला हंस कसा आहे?"

"तिथला नीट आहे म्हणतात."

"दोन्ही एका घावातल्या. तिथला नीट, मग इथला माझा दोष कसा? तुम्ही धागा भलत्या आकड्याला बांधला असेल."

"तसं असतं तर पंखातही चुकलं असतं. नुसता डोळाच कसा चुकेल?"

त्यात काही उद्धट नव्हतं. पण मामांनी हातोडी ठेवली. "माझी अट्टै मला शिकवता? मुदलाळींनी मला विचारलं तर मी हेच सांगणार. ज्याची चूक त्याने भरावी."

आणि मुदलाळींनी खरंच विचारायला माणूस पाठवला. मामा अंगरखा घालून पेढीवर गेले, अय्यांच्या घरचा काठ एका दुकानातून मागून सोबत नेला, दोन्ही काठ शेजारी ठेवले आणि चार माणसांत सांगून आले की अट्टै शुद्ध आहेत. त्यांचा हिशोब बरोबर होता. मला आजही त्यात खोट काढता येत नाही. म्हणूनच तो हिशोब भयंकर होता.

ती साडी मुदलाळींनी टाकून दिली नाही. काही दिवसांनी मी कुंभेश्वराच्या देवळात एका नव्या नवरीच्या अंगावर ती पाहिली. बायका हात लावून बघत होत्या. एक म्हणाली, "नव्या तऱ्हेचा हंस दिसतो." म्हणजे साडीची किंमत मुदलाळींना दोनदा मिळाली. एकदा नवरीच्या बापाकडून, एकदा नागोजींकडून.

कमळीला तेव्हा दिवस गेले होते. दंड फिटेना म्हणून तिच्या सोन्याच्या बांगड्या गहाण गेल्या. बांगड्या भरायच्या समारंभाला तिच्या हातात नुसती काच. मामा पंक्तीला बसले होते. त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. मामी ताक वाढता वाढता हळूच म्हणाली, "आपण सोडवून देऊ या."

"ज्याची चूक त्याने भरावी," मामा म्हणाले आणि ताकभात खाल्ला.

नागोजींनी ऐकलं. सगळ्या पंक्तीने ऐकलं.

दुसऱ्या कोणी त्यांना मागावर बसू दिलं नाही. ज्याचा सासराच त्याच्या हाताला दोष देतो, त्याला रेशीम कोण देईल? दंड कसाबसा भरून त्यांनी गाव सोडलं. तिरुक्करुगावूरला देवळाबाहेर नारळ, फुलं, हळदकुंकू विकायचं दुकान टाकलं. तिथली अंबा गर्भ राखते, पोटुशा बायका लांबून येतात. रेशमाचा धागा नखावर घेऊन त्याची जात सांगणारा माणूस नारळ वाजवून द्यायला लागला.

कमळी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. त्याच दिवसांत अय्यांच्या घरून हंसाच्या अट्टैची माळ परत आली. दोरा झिजला होता, पुन्हा ओवायची होती. मी जुना दोरा कापून एकेक अट्टै पुसून ठेवत होते, तर डोक्याच्या अट्टैवर बोटाला काहीतरी लागलं. चिकटवलेला कागदाचा तुकडा. लग्नपत्रिकेचा असावा, कडेला हळद होती. जवळच दुसरं एक भोक, खिळ्याने नाही, सुईने कोरून केलेलं, वेडंवाकडं.

मी ती मामांपुढे ठेवली.

त्यांनी अट्टै खिडकीशी धरली. नखाने कागद सोलला. खाली त्यांच्या हातचं गोल, स्वच्छ भोक. मग पायांत चपला घालून गाडीने तिरुविडैमरुदूरला गेले.

मामीने नंतर सांगितलं ते असं. अय्या म्हणाले, "पहिल्याच हंसाला माग थांबवला. आरशात दिसलं. तुमचं इतकं मोठं नाव, एका भोकासाठी कशाला बोभाटा करायचा? घरच्या घरी कागद लावला आणि विसरलो." म्हाताऱ्याने चांगुलपणाच केला होता. मामांची चूक मामांपासून लपवली. तिचं जुळं भावंड दुसऱ्या मागावर बसलं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मामा परत आले ते सरळ नक्षीच्या कागदाशी बसले. बोटाने चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. डोळा एकुणपन्नासाव्या चौकटीत होता. भोक एकुणचाळीसवर होतं. ते उठून बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेले. मी आणि मामी तिथेच धुरी घालत होतो.

"कमळे, एकुणपन्नास म्हणजे किती गे?"

"ऐंबत्तोन्बदु," ती म्हणाली. म्हणजे एकुणसाठ.

"आणि नार्पत्तोन्बदुला आपल्यात काय म्हणायचं?"

"एकुणचाळीस. नार्पदु चाळीस, वर एकुण. का अप्पा, काय झालं?"

तिला वाटे एकुण म्हणजे नऊ. तमिळमध्ये एकुणपन्नासला नार्पत्तोन्बदु, चाळीस आणि वर नऊ म्हणतात, तसं तिने मनाशी जुळवलं होतं. एकुण म्हणजे एक उणा, येणाऱ्या दशकातला एक कमी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि विचारावं तर हातोडी खाली ठेवली जायची. तिने वाचलेल्या पानांत तसा आकडा तो एकच होता, हंसाचा डोळा.

मामा दाराची चौकट धरून उभे होते. मला वाटलं, आता ते म्हणणार. ज्याची चूक त्याने भरावी.

"काही नाही," मामा म्हणाले. "काय करूंलागलीस अजून जागी? बाळाला झोपव."

बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "मुके, तू मुकीच आहेस ना?"

"हो मामा."

नागोजी बायकोमुलीला न्यायला आले त्या दिवशी मामांनी त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "अट्टै चुकली होती. घाव माझा होता. दंडाचे पैसे मी भरीन, सगळे."

नागोजींनी विचारलं, "तुमच्या हातून? कशी चुकली?"

"चुकली."

"मुदलाळींसमोर सांगाल?"

"सांगून आलोय."

तेही खरं होतं. मुदलाळी हसले होते आणि म्हणाले होते, साडी तर केव्हाच खपली. दंड त्यांनी परत केला नाही.

नागोजी पाटावरून उठले. "पैशांसाठी नव्हतो आलो मी त्या दिवशी. हे एवढं वाक्य हवं होतं."

कमळी मुलीला पदरात गुंडाळत होती. ती बापाकडे न बघता म्हणाली, "अस्क्या, सगळ्या गावाच्या अट्टै फाडल्यात तुम्ही, अप्पा. तुमची कोणी फाडायची?"

मामांनी मान खाली घातली. मामीने तोंड उघडलं, तर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी जाणून होते, मामी जाणून होती. एक शब्द बोलला असता तर कमळीचा राग त्या दिवशीच संपला असता, आणि दुसरं काहीतरी सुरू झालं असतं. तो शब्द त्यांनी गिळला. ज्या माणसाने एका गिळलेल्या शब्दासाठी भजन बंद पाडलं होतं, त्याने.

मग ते फेडायला लागले. पुठ्ठ्याचं काम कमी होत गेलं, कारण चूक झाल्याचं स्वतःच सांगून आले होते. तरी दर महिन्याला मोटारीने तिरुक्करुगावूरला जात, दुकानाच्या फळीवर पैसे ठेवत आणि परत येत. कमळी त्यांना पाणी देई. बसा म्हणत नसे. मध्येच नवे पैसे निघाले, आण्यांचा हिशोब बदलला. नागोजी विचारत, "जुन्या हिशोबाने की नव्या?" मामा म्हणत, "तुमच्या." पुढे मामी वारली. ठोकायच्या खोलीत मी एकटीच ओवत बसे. एकदा दुसरी कोणी आकडे वाचायला बसली होती, तिने सरळ तमिळमध्ये आकडा म्हटला. मामांनी हातोडी ठेवली नाही. ऐकला आणि ठोकला.

शेवटी डोळ्यांना दिसेना. त्यांनी हातोडी, खिळे, आकड्यांची लोखंडी पाटी, सगळं मुदलाळींच्याच पेढीला विकलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवशी मला म्हणाले, "मुके, बरोबर चल. मोटारीचा नंबर वाचायला कोणी हवं."

दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. नागोजी नारळ सोलत होते. मामांनी कनवटीची पुरचुंडी काढून फळीवर ठेवली. "राहिलेले अस्के आहेत. मोजून घ्या."

नागोजींनी पुरचुंडी कमळीकडे सरकवली. ती उभ्याउभ्या मोजायला लागली, सगळ्या एकेक रुपयाच्या नोटा. मामांसमोर लहानपणी मोजायची तशी मराठीत नाही. तमिळमध्ये, मोठ्याने, बापाच्या तोंडावर. ओन्नु, रेंडु, मूनु. मामा फळीला हात टेकून ऐकत होते. दिसत नसल्यामुळे मान जरा तिरकी, ठोकताना असायची तशी.

"नार्पत्तेट्टु," कमळी म्हणाली. "नार्पत्तोन्बदु."

तिथे मामांचे ओठ हलले. मी अगदी जवळ उभी होते. आवाज न काढता त्यांनी म्हटलं, एकुणपन्नास.

"ऐंबदु," कमळी म्हणाली. "सरी. फिटले."